बाळोत्याखालची लाली

गेल्या श्रावणातली गोष्ट. बाहेर पावसाने झड धरली होती. अशा वेळी एक मुलगी आपले 19 दिवसांचे बाळ दुपट्यात गुंडाळून दवाखान्यात आली. पहिलटकरीण, माहेरी बाळंत झालेली. बरोबर तिची आई. बाळ रडून रडून दमलेले. टेबलावर ठेवून लंगोट सोडला, तो कुल्यांची आणि मांड्यांच्या आतल्या उंचवट्यांची कातडी लालबुंद झालेली. दोन ठिकाणी सोललेली. आणि त्या सोललेल्या जागेवर वाळून खपली धरलेला पिवळा लेप.

आजींच्या पिशवीत झाकणाची स्टीलची वाटी होती. तीत हळद, वेखंड आणि खोबरेल कालवलेले. मुलीच्या पर्समध्ये मलमाची नळी होती, मैत्रिणीने सुचवलेली. दोघींनी आपापली वस्तू माझ्यापुढे ठेवली. आजी म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, माझी चार लेकरं याच लेपावर वाढली." मुलगी म्हणाली, "आई, तू जरा थांब ना. डॉक्टर, तुम्हीच सांगा, यातलं कुठलं लावायचं?" प्रश्न औषधाचा होता खरा, पण घरातले हे भांडण निदान आठ दिवसांचे असावे, असे दोघींच्या चेहऱ्यांवरून दिसत होते.

मी ना वाटीला हात लावला, ना नळीला. विचारले, "काल रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत बाळोती किती वेळा बदललीत?"

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. पावसाने बाळोती वाळत नव्हती, म्हणून रात्री बाजारचा डायपर बांधत होत्या. एकच. थेट सकाळपर्यंत.

आज तुमच्यापुढे जो विषय मांडायचा आहे तो एवढाच. तान्ह्या बाळाचे ढुंगण लाल होते, जांघा सोलतात, शहरातल्या आया 'रॅश आलीय' म्हणतात, त्यावर झाडपाल्याचे लेप आणि तेले कितपत उपयोगी पडतात? मी लेपांची वैरीण नाही, हे आधीच सांगून टाकते. पण त्या 19 दिवसांच्या बाळाच्या बाबतीत लेपाचा प्रश्न दुसरा होता. पहिला प्रश्न ओलीचा होता.

नवजात बाळाची कातडी तुमच्या-माझ्यासारखी नसते. ती पातळ असते, आणि तिचा वरचा संरक्षक थर अजून पुरता बसलेला नसतो. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते आणि त्या आंबटपणामुळे जंतूंना फारसे फावत नाही. जन्मतः हा आंबटपणा जवळजवळ नसतोच. तो पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत हळूहळू येतो. अशा कातडीवर ओले फडके तासन्‌तास गुंडाळून ठेवले की ती फुगते, जशी धुणे धुताना आपली बोटे सुरकुततात. फुगलेली कातडी कापडाला घासली की लवकर सोलते.

पण नुसती ओल एवढे नुकसान करीत नाही. पूर्वी सगळा दोष लघवीतल्या अमोनियावर ठेवीत. 1921 साली अमेरिकेतील कूक नावाच्या डॉक्टरांनी तसा सिद्धान्त मांडला होता आणि पुढे अर्धशतक तो पाठ्यपुस्तकांत राहिला. सकाळी बाळोते सोडताना नाकात झिणझिणणारा तो वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना हे पटायला वेळ लागत नसे. 1977 साली मात्र असे दिसून आले की ज्या बाळांना पुरळ आहे आणि ज्यांना नाही, त्यांच्या लघवीतल्या अमोनियात म्हणण्यासारखा फरक नाही. मग 1986 साली खरा गुन्हेगार पुढे आला, तो म्हणजे शी. शीमध्ये अन्न पचवणारे रस शिल्लक असतात. चरबी आणि प्रथिने विरघळवणे हेच त्यांचे काम. आतड्यात ते अन्नावर काम करतात, बाहेर आले की कातडीवर करतात. लघवी आणि शी एकत्र आली की जंतूंमुळे लघवीतून अमोनिया सुटतो, त्याने कातडीचा आंबटपणा मोडतो, आणि आंबटपणा मोडला की हे पाचक रस अधिकच चेव धरतात. म्हणजे अमोनिया अगदीच निर्दोष नाही. तो चोराला दार उघडून देणारा आहे.

अंगावर पिणाऱ्या बाळांना हा त्रास तुलनेने कमी होतो, कारण त्यांच्या शीमध्ये हे रस कमी असतात आणि ती अधिक आम्लधर्मी असते. उलट जुलाब लागले, किंवा बाळाला जंतुनाशक औषध चालू असले, की एका दिवसात ढुंगण लाल होते.

आता एक गंमत सांगते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या यादीत 'अहिपूतना' म्हणून एक विकार आहे. तान्ह्या मुलाची शी-शूची जागा न धुता तशीच ठेवली, किंवा घाम येऊन त्याला न्हाऊ घातले नाही, तर तेथे खाज सुटते, फोड येतात आणि स्राव वाहू लागतो, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. वाग्भटानेही अष्टांगहृदयात हाच विकार वर्णिला आहे आणि त्याला वैद्य लोक कोणकोणत्या नावांनी ओळखतात ते दिले आहे. त्या काळी जंतू ठाऊक नव्हते, पाचक रस ठाऊक नव्हते. तरी कारण म्हणून त्यांनी पहिले बोट ठेवले ते न धुण्यावर! आणि उपचारात त्रिफळा आणि खैराची साल यांचा काढा सांगितला, तो जागा धुण्यासाठी. तुरट काढ्याने धुणे झाले, तरी ते धुणेच. झाडपाला वापरणाऱ्या आपल्या परंपरेतला हा क्रम आपण विसरतो. वाटीतला लेप लक्षात राहतो, आणि त्याच्या आधीची कोमट पाण्याची लोटी विसरते.

तेव्हा आधी पाणी. शी झाली की कोमट साधे पाणी आणि मऊ सुती फडके किंवा कापूस. साबण दर वेळी नको. दिवसातून एकदा अंघोळीच्या वेळी सौम्य साबण लागला तर पुरे. मुलगी असेल तर पुढून मागे पुसायचे, मागून पुढे कधी नाही. पुसायचे म्हणजे टिपायचे, घासायचे नाही. जागा लाल असेल तर पुसूच नका, पाणी सोडा आणि फडक्याने हलके दाबून ओल टिपा. बाजारात ओल्या रुमालांची पाकिटे मिळतात. प्रवासात सोयीची आहेत, पण सुवासिक आणि मद्यार्क असलेली मुळीच नकोत.

मग वारा. दर वेळी बाळोते सोडले की दहा-पंधरा मिनिटे बाळाला तसेच उघडे राहू द्या. खाली जुनी सुती साडी चार घड्या करून घाला. "थंडी लागेल हो," म्हणतात आज्या. खोली उबदार ठेवा, वरचे अंग पांघरलेले असू द्या, आणि खालचे तेवढे उघडे. भिजेल तर साडी भिजेल.

आणि बदलणे. बाळ पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून निदान सहा वेळा लघवी करते. शी तर अंगावर पिणारे बाळ कधी कधी दर पाजणीनंतर करते. शी झाली की लगेच, एरवी दोन-तीन तासांनी बाळोते बदलावे, आणि लाली आलेली असेल तर रात्रीसुद्धा. रात्री पाजायला उठताच ना, तेव्हाच बदला. बाजारचे डायपर वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. त्यांतला भुकटीसारखा पदार्थ लघवी शोषून धरतो, त्यामुळे कातडी कोरडी राहते आणि एका परीने ते साध्या कापडाहून बरे पडतात. पण ते लघवी शोषतात, शी शोषत नाहीत. आणि कोरडे दिसते म्हणून आपण आठ तास बदलत नाही, ही त्यांची खरी खोड.

कापडी बाळोत्यांचे दुखणे वेगळे. धुण्याची पूड कापडात राहते. शेवटची खळबळ दोन वेळा स्वच्छ पाण्यात काढली पाहिजे. त्यात वासाचे जंतुनाशक औषध टाकण्याची पुष्कळ घरांत चाल आहे, ती सोडा. ते कापडात राहते आणि कातडीला झोंबते. उन्हात वाळवणे सर्वांत चांगले. पण कोकणात आषाढ-श्रावणात ऊन आणायचे कुठून? तिथे बाळोती घरात दोरीवर, पंख्याखाली वाळवून मग दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवा. शेगडीवर धुरी देऊन वाळवलेली बाळोती मला आवडत नाहीत. कापडात धूर बसतो, खोलीतही बसतो, आणि तान्ह्या बाळाच्या छातीला धुराइतका वाईट दुसरा शेजार नाही.

एवढे झाले की मगच तेलाची वाटी पुढे घ्या.

झाडापासून मिळणाऱ्या सगळ्या वस्तूंत खोबरेल तेलाला माझा कौल पहिला. त्यात औषधी गुण किती यापेक्षा ते एक पातळ पांघरूण आहे, हे महत्त्वाचे. स्वच्छ धुऊन कोरड्या केलेल्या कातडीवर खोबरेलाचा हात फिरवला की ओल थेट कातडीला भिडत नाही. 2015 साली दिल्लीतील डॉक्टरांनी अतिशय कमी वजनाच्या नवजात बाळांना खोबरेल लावून पाहिले, तेव्हा त्यांच्या कातडीतून उडून जाणारे पाणी कमी झालेले आढळले. ढाक्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल लावले, तर रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग 41 टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. हे दोन्ही अभ्यास बाळोत्याखालच्या लालीवरचे नव्हेत, हे लक्षात ठेवा. पण योग्य तेल कोवळ्या कातडीचे रक्षण करू शकते, एवढे त्यांवरून कळते.

'योग्य तेल' असे मुद्दाम म्हणते. सगळी तेले सारखी नाहीत. उत्तरेकडे तान्ह्या बाळांना मोहरीच्या तेलाने चोळतात. ते तेल कातडीच्या संरक्षक थराला अपाय करते असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. हल्ली महागड्या बाटलीतले ऑलिव्ह तेल बाळासाठी भेट म्हणून येते. त्यातल्या ओलेइक आम्लाने कातडीच्या थराची बांधणी ढिली होते, असा अनुभव मोठ्या माणसांच्या कातडीवर आला आहे. ते भाजीत घाला. खोबरेलही खाण्याचे, शुद्ध, वास न घातलेले हवे. डोक्याला लावायच्या सुगंधी बाटलीतले नको. थंडीत ते गोठते, म्हणजे वाईट झाले असे नाही; 24 अंशांच्या खाली ते गोठायचेच. वाटीत थोडे काढून गरम पाण्यात वाटी ठेवा. आणि ज्या बाटलीत घरची सगळी मंडळी बोटे बुडवतात, ती बाळाला नको. त्याची बाटली वेगळी.

मात्र खोबरेलाची धाव ठाऊक असू द्या. ते अंगाच्या उबेने वितळते आणि बाळोत्यात जिरते. कातडी धड आहे, नुसती गुलाबी झाली आहे, तोवर ते चालते. एकदा सोलली की पांघरूण जाड लागते, आणि तिथे माझ्या मते झाडपाल्याने थोडा वेळ बाजूला व्हावे. झिंक ऑक्साइडचे पांढरे घट्ट मलम केकवर लोणी थापावे तसे जाड लावावे. दर वेळी ते खरवडून काढायचे नाही. वरची घाण तेवढी टिपून घ्यायची आणि पुन्हा वर थर द्यायचा. झिंक ही धातूची वस्तू, झाडाची नव्हे. पण आपल्याला बाळ बरे करायचे आहे, झाडाचा पक्ष जिंकून द्यायचा नाही.

कोरफडीविषयी फार विचारतात. गॅलरीत कुंडी असते, हात पुढे होतो. इराणमधील डॉक्टरांनी 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लंगोटाखाली पुरळ आलेल्या 66 लहान मुलांपैकी काहींना कोरफडीचे क्रीम, काहींना कॅलेंडुला नावाच्या फुलाचे मलम, असे दिवसातून तीन वेळा 10 दिवस लावले. दोन्हींनी गुण आला. कॅलेंडुलाने थोडा अधिक. मुले थोडी होती, आणि काहीच न लावलेल्या मुलांशी तुलना नव्हती, म्हणून या निकालावर मोठी इमारत उभारता येत नाही. तरी ही दोन्ही औषधे अगदीच निरर्थक नाहीत असे म्हणायला जागा आहे.

पण ते तयार केलेले क्रीम होते, कुंडीतले पान नव्हते. कोरफडीचे पान कापले की सालीलगत पिवळा कडू चीक निघतो. हा चीक कातडीला झोंबतो. पान कापून उभे धरून चीक पुरता निथळू द्यायचा, साल जाड काढायची, आतला काचेसारखा गर पाण्याने धुवायचा, हे सगळे केले तरी तो गर निर्जंतुक नसतोच. म्हणून महिन्याच्या आतल्या बाळाला आणि सोललेल्या कातडीला कुंडीतली कोरफड नको. थोड्या मोठ्या बाळाच्या न फुटलेल्या लालीवर लावायचीच असेल, तर आधी मांडीवर एका बोटाएवढ्या जागी लावून एक दिवस वाट पाहा.

आणि कॅलेंडुला म्हणजे झेंडू नव्हे हो! दोघांचा रंग सारखा, म्हणून पुष्कळ लेखांतून 'झेंडूचे मलम' असे छापून येते आणि घोटाळा होतो. आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, त्याची जात निराळी. कॅलेंडुला थंडीत बागांतून लावतात, ती निराळी. एक ताई मला सांगत होत्या, त्यांनी तोरणातली उरलेली फुले तेलात उकळून बाळासाठी तेल केले. बाजारच्या झेंडूवर फवारे किती मारलेले असतात याचा तरी विचार करा!

आता आजींच्या वाटीकडे वळते. हळद. जखमेवर हळद दाबणारे आपले हात. तिच्याविरुद्ध बोलायला माझीही जीभ जड होते. पण कोवळ्या कातडीला हळद चुरचुरते, कुणाकुणाला तिचे वावडेही असते, आणि वाळली की तिचा पापुद्रा होतो. तो काढताना आपण घासतो, आणि खालची नवी कातडी त्याच्याबरोबर निघते. त्या 19 दिवसांच्या बाळाच्या दोन जागा अशाच सोलल्या होत्या. शिवाय पिवळा रंग चढला की खालची लाली वाढते आहे की उतरते आहे, हेही दिसेनासे होते. डाळीच्या पिठाचे, मसुराच्या पिठाचे तेच. उटण्याने रगडण्याची जागा ती नव्हे.

वेखंडाची पूड, आरारूट, तांदळाची पिठी, डब्यातली सुवासिक पावडर ही सगळी भुकटी एका माळेत. ओल्या जांघेत पूड घातली की तिचे गोळे होतात आणि ते कातडीला घासतात. पूड उडते ती वेगळीच. ती बाळाच्या श्वासातून छातीत जाते. वेखंड पोटात गेले तर तान्ह्या बाळाला त्याने अपाय होतो, आणि बाळाचा हात कुठून कुठे जातो हे आईला सांगायला नको. बोरिक पावडरीचे नाव काढले की मला कापरे भरते. आपल्या घरात ती डाळ-तांदळाला लावायला, कॅरमला लावायला असते, आणि जुन्या काळी ती बाळाच्या जांघेतही जात असे. 1953 साली कॅनडातील दोन डॉक्टरांनी बोरिकच्या विषबाधेच्या शंभरावर नोंदी गोळा केल्या. त्यांत तान्ही मुले पुष्कळ होती आणि मृत्यूही पुष्कळ. सोललेल्या कातडीतून बोरिक थेट रक्तात उतरते. कॅरमपुरती ठेवा.

झाडाचे म्हणजे निरुपद्रवी, हा समज सर्वांत घातक ठरतो तो कापराच्या बाबतीत. खोबरेलात कापूर विरघळवून ठेवण्याची घरोघर चाल आहे. मोठ्या माणसाच्या डोक्याला ते चालेल. तान्ह्या बाळाच्या कातडीतून आणि श्वासातून कापूर अंगात गेला तर झटके येऊ शकतात. पुदिन्याचा अर्क, निलगिरीचे तेल हीही दूर ठेवा. कडुलिंबाचे तेल तर दूरच: ते पोटात गेल्यामुळे मलेशियात तान्ह्या मुलांना मेंदूपर्यंत गेलेली विषबाधा झाल्याचे 1981 साली प्रसिद्ध झाले आहे. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ घालतात, त्याने तसे काही होत नाही. पण लाल जागेवर त्याचा फार उपयोग होतो असेही मी पाहिलेले नाही.

मेंदीचेही एक ध्यानात ठेवा. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे एक द्रव्य जन्मतः कमी असते. आपल्या देशात अशी मुले विरळा नाहीत, आणि ते वरून दिसत नाही. अशा बाळाच्या कातडीवर मेंदीचा लेप दिला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ चढते, जीवावर बेतते. अगदी हेच डांबरगोळ्यांनी होते. मोठ्या भावंडाची बाळोती, दुपटी आपण ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून जपून ठेवतो, आणि नवे बाळ आले की हौसेने काढतो. तसे कपडे वापरून बाळांना कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकात जुन्या आहेत. ट्रंकेतले कपडे आधी धुवा, दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात टाका, मग बाळाला घाला; आणि पुढच्या वेळी गोळ्या टाकूच नका.

राहिली ती मुलीच्या पर्समधली नळी. तिच्यावरचा बारीक मजकूर मी त्या दोघींना वाचून दाखवला. तीत तीन औषधे एकत्र होती: बुरशीचे एक, जंतूंचे एक, आणि जोरदार स्टिरॉइड. असल्या मलमाने लाली एका रात्रीत उतरते, म्हणूनच मैत्रिणी एकमेकींना सांगतात. पण घट्ट बांधलेल्या डायपरखाली औषध दुप्पट जोमाने आत शिरते. कातडी पातळ होते, आणि फार दिवस लावल्यास बाळाचे तोंड सुजल्यासारखे गोल होते, वाढ खुंटते. 2018 साली केंद्र सरकारने अशी स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. तरी ती मिळतात, हे सांगायला मी कशाला हवी? नळीवर '-सोन' किंवा '-सोल' असा शेवट असलेले नाव दिसले की दुकानदाराला नव्हे, डॉक्टरला विचारा. बुरशीच्या काही निर्धोक औषधांच्या नावांतही तो शेवट असतो, म्हणूनच विचारायला सांगते.

घरचे उपाय कुठे थांबवायचे, ते आता सांगते. साधी लाली उंचवट्यांवर असते, जिथे कापड घासते. जांघेच्या घडीत ती नसते. घडी उघडून पाहा. घडीतच लाल-तांबडे झाले असेल, आणि कडेने लहान लहान लाल टिपके विखुरले असतील, तर ती बुरशी. तोंडात जिभेवर न पुसले जाणारे पांढरे दिसले तर बहुधा तीच. तिला तेल-लेप काही करीत नाहीत, तिला बुरशीचे औषधच लागते. पूभरले फोड, पाण्याचे फुगे, रक्त, पसरत चाललेली लाली, तोंडाभोवती आणि हातापायांच्या बोटांवरही तसेच चट्टे, यांतले काही दिसले तर त्याच दिवशी दाखवा. बाळ महिन्याच्या आतले असून ताप 100.4 अंशांवर गेला, किंवा अंग गार पडले, किंवा ते अंगावर ओढीनासे झाले, तर रात्र असली तरी निघा. यांतले काही नसेल तरी दोन-तीन दिवस नीट काळजी घेऊन लाली उतरत नसेल, तर दाखवायला या.

त्या बाळाच्या घड्या स्वच्छ होत्या. मी वाळलेला लेप कोमट पाण्याने भिजवून, थोडे खोबरेल सोडून अलगद काढला. झिंकचे मलम जाड थापले. नळी ठेवून घेतली; वाटी आजींना परत दिली. म्हटले, "आजी, रात्रीची बाळोती तुमच्याकडे. दोन वाजता आणि पाचला." मुलीला म्हटले, "बाळोते बदलले की कॅलेंडरवर रेघ मारायची."

तिसऱ्या दिवशी दोघी आल्या. लाली गुलाबीवर आली होती, सोललेल्या जागा भरत होत्या. मुलीने फोनमध्ये कॅलेंडरचा फोटो आणला होता. रात्रीच्या रेघा तीन-तीन. आजींनी स्वयंपाकघरात दोरी बांधून बाळोत्यांना इस्त्री करण्याचा सपाटा लावला होता, इतका की वीजबिलाची काळजी जावयाला लागली होती, असे त्या हसत म्हणाल्या. वाटीत आता नुसते खोबरेल होते.

निघताना आजींनी दारातून मागे वळून विचारले, "मग त्या एवढ्या वेखंडाचं करू काय? गावाहून शेरभर आणलंय."

मी म्हणाले, "कपड्यांच्या ट्रंकेत ठेवा. डांबरगोळ्यांच्या जागी."